घोड्याचं पोट आणि हजेरीचं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

माझा गजर पहाटे साडेचारला होतो. पाच वाजता मी तबेल्याची कडी काढते आणि आतून मैना फुरफुरते. मैना ही माझी कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची घोडी, 11 वर्षं माझ्याकडे आहे. रात्रीचं पाणी ओतून ताजं भरायचं, लीद उचलायची, चारा टाकायचा, चारही खूर उचलून आतली घाण कोरून काढायची, पायांवरून हात फिरवून कुठे सूज नाही ना, कुठे गरम लागत नाही ना ते बघायचं आणि तिला सोबतिणीबरोबर कुरणात सोडायचं. यात दीड तास जातो. मग कपडे बदलून कामावर धावायचं, कारण साडेसातला हजेरीच्या यंत्रावर बोट टेकलं नाही तर नावापुढे लाल खूण पडते. तीन लाल खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाचा पगार जातो.

ज्यांच्याकडे घोडा आहे, पण ज्यांच्या स्वतःच्या वेळेचा लगाम दुसऱ्याच्या हातात आहे, अशांशी मला आज बोलायचं आहे. आणि तो लगाम ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याशीही.

आमचे एक वरिष्ठ मला एकदा म्हणाले, "घोडा ही हौस आहे. हौस सुट्टीच्या दिवशी करावी." मला राग आला होता. पण ज्याने घोडा लांबूनच पाहिला आहे, त्याला पाठीवर बसलेला माणूस तेवढा दिसतो, घोड्याचं पोट दिसत नाही. आणि आमची सगळी ओढाताण त्या पोटापायी असते.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान. 500 किलोंच्या जनावराचं जठर 8 ते 15 लिटरचं. थोडं थोडं आणि सतत खावं अशीच त्याची घडण आहे. मोकळ्या कुरणात घोडा दिवसाचे 16 तासही चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरतं, पोट भरलेलं असो की रिकामं. त्याला उतारा लाळेचा, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावताना. म्हणजे गव्हाण रिकामी झाली की लाळ थांबते, आम्ल थांबत नाही. पाच-सहा तास असेच गेले की ते जठराच्या अस्तराला झोंबू लागतं, आणि हे रोजचंच झालं तर आत व्रण पडतात. आता माझी आठ तासांची पाळी धरा, जाण्यायेण्याचे दोन तास धरा, आणि ऐन निघायच्या वेळी कुणी येऊन म्हणतं, "आज जरा दोन तास थांबा." त्या दोन तासांचे पैसे मला मिळतात. तिकडे तबेल्यात ते दोन तास कुणाच्या पोटात जातात, हे ओव्हरटाइमच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

एक सकाळ मी विसरू शकत नाही. पाचला आत गेले तर रात्रीचा चारा निम्मा तसाच. लीद जवळजवळ नाहीच. मैना पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती, वरचा ओठ मुडपत होती. जबड्याखाली बोटं ठेवून मी नाडी मोजली. स्वस्थ घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते, तिची 56 भरली. पोटशूळ. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे आत अडलेलं वर फेकून सुटका करून घेणं त्याच्या नशिबात नाही. साधा वायू धरला असेल तर तासाभरात उतरतो; आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत आतडं मरतं आणि त्याच्याबरोबर घोडाही. बाहेरून बघून या दोन्हींत फरक करणं पहिल्या तासात अवघड असतं.

डॉक्टरांना फोन केला, ते निघाले. मग साहेबांना फोन केला. पलीकडे जरा वेळ शांतता, आणि मग, "घोड्याचं पोट दुखतंय म्हणून तुम्ही येणार नाही?" हेच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. घरच्या माणसाचं आजारपण रजेच्या नियमांत बसतं, जनावराचं बसत नाही. त्या महिन्यात माझ्या दोन लाल खुणा आधीच झाल्या होत्या. शेजारच्या ठाणाची मालकीण माझी मैत्रीण. ती म्हणाली, तू जा, मी थांबते. मी गेले.

आमच्याकडे कामाच्या वेळी मोबाईल कपाटात ठेवून कुलूप लावावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं तर डॉक्टरांचे सात फोन येऊन गेलेले. नाकातून नळी घालून त्यांनी जठर तपासलं होतं, वेदनाशामक दिलं होतं, आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची होती: उतार पडला नाही तर शस्त्रक्रियेसाठी हलवायचं की नाही? मैत्रिणीला ते सांगण्याचा अधिकार नव्हता. मी तर फोनवर नव्हतेच. सुदैवाने कोरड्या चाऱ्याचा गठ्ठा अडकला होता, तो द्रव पोटात गेल्यावर सुटला आणि दुपारी तिने लीद टाकली. पण ते चार तास माझी घोडी दुखण्याने घामाघूम उभी होती आणि तिच्या जिवाचा निर्णय एका बंद कपाटात पडला होता. मला साहेबांचा राग यायचा होताच, तो आला. त्याहून जास्त लागलं ते हे, की ही वेळ कधीतरी येणार हे ठाऊक असून मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

आता तबेल्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद आहे. त्यावर डॉक्टरांचे दोन नंबर, मैनेची नेहमीची नाडी आणि ताप, तिला कोणतं औषध सोसत नाही ते, आणि माझ्या सहीने एक मजकूर: मी न सापडल्यास माझी ही मैत्रीण निर्णय घेईल, शस्त्रक्रियेला न्यायचं की नाही, खर्च कुठवर करायचा, आणि जनावराचे हाल थांबवायचे झाले तर माझी वाट बघायची नाही. शेवटची ओळ लिहिताना माझा हात थरथरला, खरं सांगते. डॉक्टरांकडेही त्याची प्रत दिली आहे. तुमच्याकडे घोडा असेल आणि असा कागद नसेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी तो लिहा. मी आज जे काही सांगते आहे त्यातलं बाकी काही विसरलात तरी चालेल.

साहेबांशी पुढे काय झालं? त्या प्रसंगानंतर महिनाभर मी घुश्शात होते. मग कळलं की मी आजवर त्यांच्याकडे सहानुभूती मागत होते आणि त्यांच्याजवळ ती नव्हती. नसेल तर नसेल. मला खरं लागत होतं ते वेळापत्रक. मग मी एक पानी अर्ज लिहिला. त्यात मैनेचं नाव नव्हतं, तिच्यावरच्या मायेचा शब्द नव्हता. लिहिलं ते असं: सकाळची लवकरची पाळी, जी कुणालाच नको असते, ती मी कायमची घेते. त्या बदल्यात पाळी बदलायची तर दोन आठवडे आधी कळवा. दर सात आठवड्यांनी नालबंद, म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा, येतो, त्या दिवशी मला पाळी बदलून द्या, तास मी भरून काढते. आणि अडीनडीला निरोप यावा म्हणून विभागाच्या फोनचा नंबर माझ्या डॉक्टरांना देऊ द्या. चारातल्या तीन गोष्टी लगेच मान्य झाल्या, चौथी फोनची, तिला दोन महिने लागले. घोडा कशाला पाळायचा हे त्यांना अजूनही पटलेलं नाही. पण आठवड्याला किती माणसं कधी हजर राहणार, हा हिशेब त्यांना पक्का समजतो.

एक विनंती. घोड्यासाठी स्वतःच्या आजारपणाचं खोटं कारण देऊ नका. मी एकदा दिलं होतं. नंतर खरंच तापाने फणफणले तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आता सुट्टीच्या दिवसाबद्दल. घोडा का अडला, पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे: न फिरवल्यामुळे. नोकरदार मालकाच्या मनात हे उत्तर कायम टोचत असतं, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी आठवड्याभराची भरपाई करायला जातो. पाच दिवस उभा असलेला घोडा सहाव्या दिवशी दोन तास भरधाव. हे करू नका. स्नायू लवकर तयार होतात, पायाच्या शिरा, म्हणजे स्नायूबंध, फार सावकाश. उड्या मारायचा उत्साह दिसतो, आतला धागा ताणलेला दिसत नाही. विश्रांतीनंतरच्या कामाचा आणखी एक आजार आहे. ओढीच्या कामाचे घोडे रविवारी विश्रांती घेत, पण चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मात्र रोजच्याइतकीच खात, आणि सोमवारी कामाला जुंपलं की काही पावलांतच त्यांचे पुठ्ठे, म्हणजे मागच्या भागाचे स्नायू, दगडासारखे ताठत, लघवी काळपट होई. त्याला सोमवारचा आजार असंच नाव पडलं होतं. म्हणून ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी धान्य कमी करायचं, चारा मात्र कमी करायचा नाही. आणि फिरवणं म्हणजे खोगीर घालणंच असं नाही. जो घोडा दिवसभर कुरणात आपल्या सोबत्याबरोबर चालतो, तो न फिरवलेला नसतो.

यात मला स्वतःला समजायला सर्वांत जास्त वेळ लागला. माझ्या यादीतल्या किती गोष्टी मैनेला हव्या होत्या आणि किती मला? चारा, पाणी, मोकळी जागा, दुसऱ्या घोड्याची संगत, आणि दिवसातून दोनदा कुणीतरी नीट नजर टाकणं, हे तिला लागतं. त्यात खाडा चालत नाही. अर्धा तास खरारा करणं, आयाळ विंचरणं, संध्याकाळची रपेट, हे मला लागतं. उशीर झाला की मी आता माझ्या गरजेतलं सोडते, तिच्या गरजेतलं नाही. बारीक भोकांच्या जाळीत चारा भरून टांगला की तोच चारा तिला दुप्पट वेळ पुरतो. शेजारच्या ठाणाची संध्याकाळ मी सांभाळते, माझी दुपार मैत्रीण. आठवड्यात दोन दिवस एक कॉलेजची मुलगी मैनेवर बसते, आणि मैना तिच्याबरोबर खूश असते. सुरुवातीला मला ते बघवत नसे.

ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, ज्यांना उद्या किती वाजता सुटणार हे आजही माहीत नसतं, त्यांना मी धीर देणार नाही. एकट्याने घोडा सांभाळणं त्यांना जमणार नाही. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, ठेवा, पूर्ण देखभाल होते अशा ठिकाणी ठेवा, कुणाशी भागीत ठेवा, आणि यातलं काहीच परवडत नसेल तर अजून घेऊ नका. घोडा 25-30 वर्षं जगतो. नोकरी त्या आधी बदलेल.

आणि तुम्ही, ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत. आमच्या घोड्यांवर प्रेम करा असं मी म्हणत नाही. वेळापत्रक आधी सांगा. निघायच्या वेळी "जरा थांबा" म्हणायचं असेल तर ते सकाळी सांगा, म्हणजे आम्ही चाऱ्याची सोय करू. कुणाला म्हाताऱ्या आईला औषध द्यायचं असतं, कुणाला पाळणाघरातून मूल आणायचं असतं. यासाठी वेगळा नियम काढावा लागत नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी नालबंद येणार आहे. त्या दिवसाची पाळी मी तीन आठवड्यांपूर्वीच बदलून मागितली होती. काल फलकावर माझं नाव दुपारच्या रकान्यात लागलेलं दिसलं.

नमस्कार.