जे जे भेटे भूत : तलावपाळी ते खारघर

(दृश्य: सकाळची तलावपाळी, कौपिनेश्वर मंदिराचा दरवाजा, फुलवाल्या)

सोमवारी सकाळी सहा-साडेसहाला ठाण्याच्या तलावपाळीवर या, मासुंदा तलावाच्या कडेने वॉकवाले चाललेत, चहावाल्याचा स्टोव्ह पेटलाय, फुलवाल्या बेलाच्या जुड्या बांधत बसल्यात आणि कौपिनेश्वराच्या दारात चपलांचा ढीग पडलाय. आत महादेवाची पिंड एवढी मोठी की पहिल्यांदा बघणारा माणूस दोन सेकंद थांबतोच. ऑफिसला जाणारा असो, शाळेचा युनिफॉर्म घातलेली पोरगी असो, सगळे क्षणभर डोळे मिटतात, वाकतात, कपाळाला भस्म लावतात आणि स्टेशनकडे पळतात.

वाकायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आम्ही कॅमेरा घेऊन निघालो ते त्याच्या पुढचं बघायला. देवळातून बाहेर पडल्यावर पहिला जो कोणी समोर येतो, माणूस म्हणा, कुत्रं म्हणा, त्याच्याशी आपण कसं वागतो? आपली परंपरा म्हणते की खरी पूजा तिथे सुरू होते.

ज्ञानेश्वरी 1290 सालची, शके 1212. तिच्या दहाव्या अध्यायातली एक ओवी हरिनाम सप्ताहात, कीर्तनात इतक्या वेळा ऐकलेली असते की ती डोक्यावरून जाते.

जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत ।
हा भक्तियोगु निश्चित । जाण माझा ॥

जो जो जीव भेटेल तो भगवंत समजायचा, आणि श्रीकृष्ण सांगतायत की हाच माझा भक्तियोग, नक्की. ओवीत अट कुठलीच नाही. आवडणारा भेटला तर असं नाही, स्वच्छ भेटला तर असं नाही, आपल्यातला भेटला तर असं तर नाहीच नाही.

आणि हे काही ज्ञानेश्वर माउलींनी पहिल्यांदा सांगितलं असंही नाही. ईशावास्य उपनिषद अगदी छोटं, 18 मंत्रांचं. पहिलाच मंत्र सांगतो की या जगात जे जे हलतंय ते सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे, आणि सहावा मंत्र सांगतो की जो सगळे जीव स्वतःत बघतो आणि स्वतःला सगळ्या जिवांत बघतो त्याला मग कुणाचीच घृणा वाटत नाही. मला हा सहावा मंत्र फार मोठा वाटतो, कारण त्यात काही दिव्य दिसेल, प्रकाश दिसेल असं आश्वासन नाही, कुणाची किळस येणार नाही एवढंच आहे, आणि ते ज्याचं त्याला रोज तपासून बघता येतं, रिक्षात, ट्रेनमध्ये, जिन्यात.

(दृश्य: येऊरचा चढ, पाडा, झाडाखालचा वाघोबा)

ठाणे शहर संपतं तिथे येऊरचा डोंगर सुरू होतो, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. वर वारली पाडे आहेत आणि त्याच जंगलात बिबटे पण आहेत. 2019 च्या फेब्रुवारीत तर एक बिबट्या खाली ठाण्यात एका मॉलच्या आवारात शिरला होता, शेवटी वनखात्याने बेशुद्ध करून पकडला, सगळ्या चॅनलवर दिवसभर तेच चालू होतं.

वारली लोकांचा देव आहे वाघोबा. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड नाहीतर लाकडाची फळी, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. आम्ही गेलो तेव्हा शेंदूर नुकताच लावलेला होता, बोट लावलं तर बोटाला तेल लागत होतं, आणि खाली नारळाची करवंटी, त्यात मुंग्या. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते तेव्हा इथे पूजा होते. एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, बाबा, बिबट्याची भीती नाही वाटत का? तर म्हणाले, "देव हाय तो. जंगल त्याचा हाय, आमी पण त्याचंच. पण पोर एकटं नाय सोडायचं अंधारात."

या श्रद्धेला गीतेचा श्लोक चिकटवायची काही गरज नाही, ती तिच्या जागी पूर्ण आहे, उपनिषद न वाचताही माणूस तिथे पोचलाय. पण आजोबांचं शेवटचं वाक्य मला नीट घ्यायचंय, कारण "सगळ्यांत देव" म्हटलं की लगेच कुणीतरी विचारतंच, मग काय वाघाला मिठी मारू?

रामकृष्ण परमहंस यावर एक गोष्ट सांगायचे. एका शिष्याने ऐकलं की सगळं नारायण आहे. रस्त्याने पिसाळलेला हत्ती आला, वर बसलेला माहुत ओरडतोय, बाजूला व्हा, बाजूला व्हा, हा मात्र हात जोडून उभा, की हत्ती पण नारायणच. हत्तीने सोंडेत धरून फेकून दिला. नंतर गुरू म्हणाले, अरे हत्ती नारायण हे खरंच, पण माहुत नारायण ओरडत होता त्याचं का नाही ऐकलंस?

म्हणजे वागण्यात फरक करायला कुणी बंदी घातलेली नाही. बिबट्यापासून लांब राहायचं, चावऱ्या कुत्र्याचा बंदोबस्त करायचा, चोरासाठी दाराला कुलूप लावायचं. पण लांब राहताना त्याला हलका समजायचं की नाही, इथे खरी कसोटी आहे. आजोबा बिबट्यापासून नातू वाचवतात आणि त्याच बिबट्याला शेंदूर लावतात, दोन्ही एकाच दिवशी, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

(दृश्य: ऐरोलीची खाडी, कांदळवन, मग एका गावठाणातला सप्ताहाचा मांडव)

प्राण्यांच्या बाबतीत आपल्याकडे गोष्टींची कमी नाही. नामदेव महाराजांची भाकरी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा कोरडी नका खाऊ. नाथ महाराज, म्हणजे संत एकनाथ, काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेत होते आणि वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं तर ती अख्खी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली, माझा रामेश्वर इथेच पावला म्हणाले. पैठणचा रेडा तर सगळ्यांना माहीत आहे, वेद बोलला म्हणून. पण त्या कथेतलं त्याच्या आधीचं जास्त महत्त्वाचं, की रेड्याच्या पाठीवर आसूड मारले आणि वळ उठले ज्ञानदेवांच्या पाठीवर.

नवी मुंबईत या कथा ऐकायच्या तर उंच टॉवरच्या मधे अडकलेल्या गावठाणांमध्ये जा. आगरी-कोळी वस्ती, हरिनाम सप्ताह, मांडवात सतरंज्या, सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारे लावलेले. तिथे एक गोष्ट कॅमेऱ्यात आली ती आम्ही पुन्हा पुन्हा बघितली. काल्याचं, म्हणजे सप्ताहाचं शेवटचं, कीर्तन संपलं आणि सगळे एकमेकांच्या पाया पडायला लागले. पासष्टीचे बुवा, पखवाज वाजवून हात लाल झालेले, ते समोरच्या आठ-नऊ वर्षांच्या टाळकऱ्याच्या पायाला हात लावतायत आणि तो पोरगा पण घाईघाईने त्यांच्या पायाशी वाकतोय, दोघांची डोकी जवळजवळ आपटली. पोरगा म्हणाला, "माउली, आधी मी." ही वारकऱ्यांची रोजची रीत आहे, वय बघायचं नाही, जात बघायची नाही, जो समोर तो माउली, बंदोबस्तावरचा पोलीस पण माउली आणि पाणी देणारा पण माउली.

या रीतीचं मूळ भागवताच्या अकराव्या स्कंधात सापडतं, ज्यावर नाथ महाराजांनी 1573 साली काशीत टीका पूर्ण केली. तिथे श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात की कुत्रा, गाय, गाढव, समाजाने ज्याला खालचा ठरवलाय तो माणूस, सगळ्यांना जमिनीवर पडून नमस्कार कर, आपलीच माणसं हसली तरी हसू दे, लाज सोड. आणि कधीपर्यंत? तर सगळ्यांत मी आहे असा भाव खरोखर उगवत नाही तोपर्यंत, मनाने, वाणीने, शरीराने हे करत राहा. भाव आधी आणि नमस्कार नंतर असं सांगितलेलंच नाही. आधी वाक, भाव मागून येईल. मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण आतून काही वाटत नसलं तरी सुरुवात आजच्या आज करता येते.

(दृश्य: पंढरपूर, महाद्वार, चोखोबांची समाधी)

आता अवघड भागाकडे येऊ या. गाढवाला गंगा पाजल्याची कथा ऐकून डोळे पाणावणारा हाच समाज महार जातीत जन्मलेल्या संत चोखोबांना देवळाच्या पायरीच्या आत येऊ देत नव्हता. मंगळवेढ्याला 1338 साली गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. बाहेर. आणि ते दार दलितांसाठी उघडायला 1947 साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं ते दार बंद, आणि तुकोबांनंतर तर त्याच दारासमोर "विष्णुमय जग" रोज म्हटलं जात होतं, "भेदाभेद भ्रम अमंगळ" हे त्याच अभंगात पुढे आहे.

हे कसं चाललं? एक पळवाट काढली होती. गीतेच्या पाचव्या अध्यायात आहे की विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे समाजाने सगळ्यात खालचा ठरवलेला माणूस, यांना ज्ञानी लोक समान बघतात. तर म्हणे बघायचं समान, वागायचं वेगळं. बिबट्याच्या बाबतीत हे ठीक आहे, तिथे जीव जातो. माणसाच्या हातचं पाणी पिऊन कुणाचा जीव जाणार होता? तिथे वेगळं वागण्यामागे घृणेशिवाय दुसरं काहीही नव्हतं, आणि घृणा गेली नसेल तर ईशावास्याच्या हिशोबाने समान बघणं झालेलंच नाही.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिल मुनी आपल्या आईला, देवहूतीला हेच सांगतात, आणि फार कडक शब्दांत सांगतात. सगळ्या जिवांत असलेल्या मला सोडून जो नुसती मूर्ती पुजतो तो राखेत आहुती टाकतोय.

(दृश्य: खारघर, एक सोसायटी, दोन लिफ्ट)

खारघरमधली एक सोसायटी, नाव सांगत नाही, कारण अशा खूप आहेत. लॉबीत गणपतीची सुंदर मूर्ती, रोज ताजा हार. बाजूला दोन लिफ्ट, एका लिफ्टवर लॅमिनेट केलेला कागद, घरकाम करणाऱ्यांनी, डिलिव्हरीवाल्यांनी आणि कचरा नेणाऱ्यांनी दुसरी लिफ्ट वापरावी. दुसरी लिफ्ट आम्ही शूट करत होतो तेव्हा बंद होती. एक ताई जिन्याने अकराव्या मजल्यावर निघाल्या होत्या, चौथ्यावर थांबल्या, कठड्याला टेकून. आम्ही म्हटलं, ताई, मोकळी आहे ती लिफ्ट, चला ना. "नको दादा, कॅमेरा आहे तिथे, मॅडम बोलतात मग."

वर गेल्यावर त्यांना चहा मिळतो. कप वेगळा, ओट्याखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी पालथा घातलेला. त्या घरात वाईट माणसं राहत नाहीत, हे मला मनापासून सांगायचंय, त्यांनी ताईंच्या मुलीची फी भरलीय, सणाला साडी देतात. पण मदत करणं वेगळं आणि त्याच कपातून चहा देणं वेगळं, दिल्याने आपण मोठे राहतो, एका कपात आणलं की बरोबरीला येतो. तुकोबा रंजल्या-गांजल्याला "आपुले" म्हणणाऱ्याला साधू म्हणतात. आपल्या माणसाचा कप कोण ओट्याखाली ठेवतं?

याच खारघरमध्ये टाटा मेमोरियलचं कॅन्सर सेंटर आहे, लांबलांबून पेशंट येतात, नातेवाईक बाहेर थांबलेले असतात, हातात फाइल, डोळ्यांत झोप. तिथे एक काका आम्हाला भेटले, रिटायर झालेले, घरून पोळीभाजी करून आणतात. त्यांचं बघण्यासारखं हे की ते पाकीट हातात कोंबून पुढे जात नाहीत, कठड्यावर बसतात, आपला डबा उघडतात आणि त्या माणसासोबत जेवतात, गाव कुठलं, पाऊस झाला का, असं बोलत. विचारलं तर म्हणाले, "नुसतं वाटलं की तो मान खाली घालतो. सोबत बसलं की जेवतो नीट."

बोलता बोलता कळलं की काका त्याच लिफ्टवाल्या सोसायटीत राहतात. कागदाचं विचारलं तेव्हा गप्प बसले, मग म्हणाले की दोनदा कमिटीला तोंडी सांगितलं, आता लेखी देतोय, पुढच्या मीटिंगला विषय घ्यायला लावतो. आम्ही जिन्यातल्या ताईंना हे सांगितलं आणि विचारलं, मीटिंगला याल का, तुमचं तुम्ही सांगाल का? त्या हसल्या, "मला कोण बोलावतंय तिथे."

काकांना फोन लावला. ते म्हणाले, नंबर द्या त्यांचा, मीच बोलावतो, आणि त्यांना सांगा, समोरच्याच लिफ्टने या, मी खाली थांबतो.