दोन पावलांमधली फट

[दृश्य: दवाखान्याचा बाकडा, वाट बघणारी माणसं]

दवाखान्यात शिरल्याबरोबर आपण विचारतो, "शेवटी कोण आहे?" कुणीतरी हात वर करतं, आणि त्याच्यामागे आपला नंबर लागतो. प्रोग्राममध्येही कामांची अशीच रांग असते, तिला क्यू म्हणतात. क्यूत काम टाकायला आलेला थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांपैकी एक, हेच विचारतो. पण नेमक्या त्याच क्षणी दुसरा थ्रेडही विचारत असतो, आणि दोघांना उत्तर एकच मिळतं.

[दृश्य: ओळीने खण, पाचवा रिकामा]

पडद्यावर नीट बघा. पहिल्या थ्रेडने वाचलं, मोकळा खण ५. तो आपलं काम, समजा एक ऑर्डर, तिथे ठेवणार, तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला थांबवलं. दुसरा आला. त्यानेही ५ वाचला, ऑर्डर ठेवली, आकडा ६ केला आणि गेला. आता पहिला जागा होतो. त्याच्या हातात अजून ५ च आहे. तो त्याच खणात लिहितो, आकडा पुन्हा ६ करतो. दुसऱ्याची ऑर्डर पुसली गेली. प्रोग्राम कोसळत नाही, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, एक अक्षर उमटत नाही. शोधायला म्हणून जादा लॉग टाकावा, तर वेळेचं गणित बदलतं आणि कधीकधी बगच दिसेनासा होतो. वाचणं आणि लिहिणं, या दोन पावलांमध्ये एक फट आहे. सगळा खेळ त्या फटीचा.

[दृश्य: रेल्वेचा जुना सिग्नल, खाली येणारा हात]

१९६५. नेदरलँड्समधलं आइंटहोव्हन. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी मर्यादित जागेच्या क्यूचा प्रश्न मांडला आणि सेमाफोर वापरून सोडवला. सेमाफोर म्हणजे थ्रेडला थांबवणारा किंवा पुढे सोडणारा एक आकडा; नाव रेल्वेच्या सिग्नलवरून आलेलं. त्यांच्या उत्तरात तीन सेमाफोर आहेत: एक मोकळ्या जागा मोजतो, एक भरलेल्या, आणि तिसरा एका वेळी एकालाच क्यूला हात लावू देतो.

यात क्रम चुकला की घात होतो. प्रोड्युसरने, म्हणजे काम टाकणाऱ्या थ्रेडने, आधी मोकळी जागा मागायची आणि मग लॉक, म्हणजे तो तिसरा सेमाफोर, घ्यायचा. उलटं केलं, आणि क्यू भरलेला असला, तर तो आत शिरून कडी लावतो आणि जागा होण्याची वाट बघत बसतो. काम उचलून जागा करून देणारा थ्रेड, म्हणजे कन्झ्युमर, मात्र दाराबाहेर उभा. दोघेही कायमचे अडकले.

दुसरी फट झोप आणि जाग यांच्यामधली. क्यू रिकामा म्हणून कन्झ्युमर झोपतो, काम आलं की त्याला उठवलं जातं. पण उठून लॉक हाती येईपर्यंत तिसराच कुणीतरी ते काम घेऊन जाऊ शकतो. मेसा या प्रोग्रामिंग भाषेवर झेरॉक्स कंपनीत काम करणाऱ्या बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० साली हे स्पष्ट लिहून ठेवलं: उठवणं हा केवळ इशारा समजा, जाग आल्यावर अट पुन्हा तपासा. कोडमध्ये याचा अर्थ एवढाच, अट एकदाच तपासणाऱ्या 'इफ'च्या जागी ती पुन्हा पुन्हा तपासणारा 'व्हाइल'. दुसऱ्याचा कोड तपासताना माझी नजर आधी त्या एका शब्दावर जाते.

आणि क्यूला मर्यादा घालाच. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या लिंक्डब्लॉकिंगक्यू या तयार क्यूला आकडा दिला नाही, तर तो स्वतःची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ धरतो. म्हणजे मर्यादा नाहीच. कन्झ्युमर मागे पडला की कामं साचत जातात, आणि बहुतेक वेळा क्यू भरण्याआधी मेमरी संपते. रोजच्या कामाला एक लॉक आणि विचार करून ठरवलेली मर्यादा पुरते, असं माझं ठाम मत आहे.

[दृश्य: एकमेकांना जोडलेले नोड, खाली 'शेपूट' असा बाण]

तरीही १९९६ सालचं एक उत्तर दाखवल्याशिवाय राहवत नाही. ते मॅगेड मायकेल आणि मायकेल स्कॉट यांचं, रॉचेस्टर विद्यापीठातलं. त्यात लॉकच नाही. प्रोसेसरची एकच सूचना वापरायची: तिथलं मूल्य अजून मी पाहिलं तेच असेल, तरच बदल. पण नवा नोड, म्हणजे क्यूच्या साखळीतला एका कामाचा डबा, जोडायला पावलं दोन लागतात. शेवटच्या नोडला तो जोडणं, आणि मग शेपूट, म्हणजे शेवटचा नोड दाखवणारा बाण, त्याच्यावर सरकवणं. एका सूचनेत दोन्ही होत नाही. म्हणून त्यांनी ती फट उघडीच ठेवली, आणि ज्याला ती दिसेल त्याला ती बुजवायची मुभा दिली. २००४ साली आलेल्या जावा ५ मधला कन्करंटलिंक्डक्यू याच कल्पनेवर उभा आहे.

[दृश्य: बाण एक नोड मागे राहिलेला]

पहिल्या थ्रेडने नोड जोडला आणि तिथेच तो थांबवला गेला. दुसरा येतो. बघतो, शेपटीच्या पुढे आणखी एक नोड आहे. तो थांबत नाही, शेपूट स्वतःच पुढे सरकवतो, मग आपला नोड जोडतो. थोड्या वेळाने पहिला जागा होतो, राहिलेलं पाऊल टाकायला जातो. शेपूट आधीच सरकलेली असते. तो तसाच पुढच्या कामाला लागतो.