नांगराऐवजी एक कडी

(दृश्य: पाण्याखालून दिसणारा बोटीचा तळ. नांगर खाली येतोय.)

निवेदन:

नांगर पडला, बोट थांबली. वर बसलेले लोक मास्क चढवायला लागतात, पण खाली मोडतोड नुकतीच सुरू झालेली असते. नांगर ज्या प्रवाळावर पडला तो फुटलाच. त्यामागची साखळी तळावर पसरलेली असते. वारा फिरला किंवा भरतीची ओहोटी झाली की बोट गिरकी घेते आणि तिच्याबरोबर ती साखळी तळ खरवडत जाते. निघायच्या वेळी नांगर कपारीत अडकलेला असतो. मग वरून हिसके देतात आणि आणखी एक तुकडा निखळतो.

हा प्रवाळ कॅमेऱ्याच्या जवळ आणून बघू. आतला सांगाडा चुन्याचा, टणक. जीव आहे तो वरच्या काही मिलिमीटरांच्या थरात. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला फार तर सेंटीमीटरभर वाढतात, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणजे मीटरभर उंचीचा घुमट फुटला, तर तेवढा पुन्हा उभा राहायला शंभर वर्षं किंवा त्याहून जास्त लागतील.

(दृश्य: नकाशा. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची बेटं.)

ही गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडाची, ‘की लार्गो’ (Key Largo) नावाच्या बेटाजवळच्या समुद्राची. इथल्या प्रवाळांना 1960 पासून पेनेकँप पार्क या सागरी उद्यानाचं आणि 1975 पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्याचं संरक्षण होतं. कागदावर सगळं चोख होतं. पण संरक्षण मिळालं तशी प्रसिद्धीही मिळाली. डायव्हिंगच्या बोटी वाढल्या, आणि प्रत्येक बोटीबरोबर एक नांगर आला.

आता नुसती नांगरबंदी करून भागत नाही. बोटीला कुठेतरी थांबावंच लागतं. पाण्यात माणसं उतरलेली असताना बोट वाहून जाऊन कसं चालेल? सिमेंटचे जड ठोकळे तळाला सोडून त्यांना बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, बांधायची आणि बोट तिला अडकवायची, हा जगभरचा जुना उपाय. पण वादळी लाटांत ठोकळे सरकतात, आणि ज्यांना वाचवायचं त्या प्रवाळांवरूनच घासत जातात.

की लार्गोमध्ये काम करणारे सागरी जीवशास्त्रज्ञ जॉन हॅलस यांनी यातून जी वाट काढली, ती मला फार मोलाची वाटते. तिच्यात नवं यंत्र जवळजवळ काहीच नाही. त्या काळी भूवैज्ञानिक पाण्याखाली हायड्रॉलिक ड्रिल वापरून प्रवाळांचे गाभे, म्हणजे दंडगोल तुकडे, काढत. झाडाच्या खोडात वलयं असतात तशी प्रवाळाच्या सांगाड्यात वर्षावर्षाची नोंद असते, ती वाचण्यासाठी. तसल्याच ड्रिलने हॅलस यांनी खडकात भोक पाडायचं ठरवलं.

(दृश्य: डायव्हर ड्रिल धरून. पांढरा गाळ उठतो.)

भोक जिवंत प्रवाळात नाही, दोन प्रवाळांच्या मधल्या उघड्या चुनखडीत. रुंदी साधारण चार इंच. त्यात स्टेनलेस स्टीलचा कडीवाला बोल्ट सोडायचा, सिमेंट भरायचं आणि ते घट्ट बसू द्यायचं. काम संपल्यावर तळावर दिसते ती फक्त कडी. ठोकळा नाही, साखळी नाही.

खरी हुशारी दोराची आहे. कडीपासून वर येणारा दोर तरंगणाऱ्या जातीचा घेतात. म्हणजे पाणी उतरून तो ढिला पडला तरी तळावर लोळत नाही, उभाच राहतो. पण तरंगणारा दोर पृष्ठभागावर आला तर बोटीच्या पंख्यात सापडणार, म्हणून बोयाच्या थोडं खाली त्याला वजन लावतात. बोयाला पुढे आणखी एक छोटा दोर असतो. बोटवाल्याने तो आकड्याने उचलायचा, त्याच्या फासातून आपला दोर ओवून घ्यायचा आणि बांधायचा.

1981 मध्ये फ्रेंच रीफ या ठिकाणी अशा पहिल्या सहा बोया लागल्या. आज की लार्गोचा समुद्र ज्यात येतो त्या फ्लोरिडा कीज अभयारण्यात त्या जवळपास 500 आहेत. पांढरा गोळा, त्यावर निळा पट्टा. जो आधी येईल त्याने बांधावी, पैसे लागत नाहीत. वाळूच्या तळासाठी वेगळे, जमिनीत ठोकायचे आणि ओढ बसली की आत आडवे होऊन रुतणारे खुंटे निघाले. पुढे हॅलस यांनी अनेक देशांत जाऊन लोकांना हे काम शिकवलं.

याची खरी किंमत मात्र बोया लावून झाल्यावर सुरू होते, आणि अशा योजना बहुतेक इथेच मार खातात. दोरावर शेवाळ चढतं, कवचवाले जीव चिकटतात, घासून घासून धागे सुटतात. डायव्हरनी पुन्हा पुन्हा खाली जाऊन दोर खरवडायचे, जोड तपासायचे, झिजलेलं बदलायचं. चक्रीवादळ येऊन गेलं की वाहून गेलेल्या बोया नव्याने लावायच्या. बोयांच्या खरेदीचे पैसे मंजूर झाले आणि या माणसांच्या पगाराचे नाही झाले, तर काही काळाने दोर तुटतात आणि नांगर परत येतात.

बोया सगळ्या आपत्ती थोपवू शकत नाही. ऑगस्ट 1984 मध्ये वेलवूड नावाचं 122 मीटर लांबीचं मालवाहू जहाज इथल्याच मोलॅसेस रीफ या प्रवाळांच्या खडकावर चढलं. 2023 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं, की इथल्या परिसरातले सांबरशिंगांसारखे फांद्यांचे प्रवाळ जवळजवळ संपले. समुद्राचं तापमान एकट्या बोटवाल्याच्या हातात नाही. नांगर मात्र त्याच्याच हातात आहे, आणि उष्णतेतून जे वाचलंय ते साखळीखाली चिरडलं गेलं तर ते मला तरी सहन होत नाही.

(दृश्य: सिंधुदुर्ग किल्ला. स्नॉर्केलिंगच्या बोटी.)

आपल्याकडे मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांत, म्हणजे पाण्यातल्या खडकांत, प्रवाळ आहेत. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य झालं. 2001 पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या रांगेत जागा आहे. पर्यटकांच्या बोटी याच पाण्यात थांबतात.

फ्लोरिडाची पद्धत इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. इथला तळ चुनखडीचा नाही, त्यामुळे खडक तपासून ड्रिल आणि बोल्ट ठरवावा लागेल. पावसाळ्यातला समुद्र बोया टिकू देणार नाही. पण कडी खडकात राहू द्यायची, मे अखेरीस दोर आणि बोया काढून घ्यायच्या, हंगाम सुरू झाला की पुन्हा लावायच्या, एवढं जमण्यासारखं आहे. आणि या कामाला मालवणच्या मच्छीमारांइतकी तयार माणसं दुसरीकडे शोधावी लागणार नाहीत. कुठे खडप आहे आणि कुठे वाळू, हे त्यांना पाठ आहे.

तोवर तुम्ही स्नॉर्केलिंगला गेलात, तर पैसे देण्याआधी बोटवाल्याला एवढं विचारा: "दादा, नांगर कुठे टाकता? वाळूत ना?"