छताचा दिवा आणि दाराचा स्विच

नमस्कार. आज समोर सातपूर-अंबडच्या गॅरेजांत वायरिंगचं काम शिकणारी मुलं आहेत आणि स्वतःची गाडी स्वतः हाताळायची हौस असलेली मंडळीही आहेत. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. गाडीच्या आतला दिवा बिघडला की लगेच बल्ब बदलू नका. दिवा कधी लागतो आणि कधी लागत नाही, हे आधी नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

घरात बटण फेज तोडतं. गाडीत उलटं आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत छताच्या दिव्यापर्यंत प्लस कायम आलेला असतो, चावी काढली तरी. दाराचा स्विच देतो तो फक्त अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट. दार उघडलं की पिलरवरचा, म्हणजे दाराच्या चौकटीच्या खांबावरचा, स्विचचा खिळा बाहेर येतो, आतली पट्टी बॉडीला टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

समजा, दार लावलं तरी दिवा विझत नाही. पण फ्यूज शाबूत आहे. मग दिव्याकडून दाराकडे जाणारी वायर कुठेतरी घासून पत्र्याला लागलेली असू शकते, किंवा स्विचचा खिळाच बाहेर अडकलाय. त्या बाजूला वायर बॉडीला लागली तर फ्यूज उडत नाही, दिवा लागतो. तीच वायर प्लसच्या बाजूची असती, तर फ्यूज तत्काळ गेला असता. म्हणजे फ्यूजकडे नुसतं बघूनही बिघाड दिव्याच्या अलीकडे की पलीकडे, ते कळतं. मला या कामातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता दिवा लागतच नाही असं धरू. दिव्यावरचं बटण ‘ऑन’वर टाका. लागला? मग बल्ब, फ्यूज, सप्लाय सगळं ठीक, दोष दाराच्या बाजूला. आता एकेक दार उघडून बघा. तीन दारांना लागतो आणि एकाला नाही, तर त्याच दाराचा स्विच. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फिरणाऱ्या गाड्यांत धुळीने खिळा जाम होतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात गंज चढतो. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे: या स्विचला अर्थ मिळतो तो बहुधा त्याला धरून ठेवणाऱ्या स्क्रूमधूनच. स्क्रूखाली गंज बसला, तर नवा स्विच टाकूनही दिवा लागणार नाही. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा. शंका असेल तर स्विचची वायर काढून उघड्या पत्र्याला टेकवा. दिवा लागला, तर वायर चांगली आहे.

नव्या गाड्यांत हा प्रयोग करू नका. तिथे स्विच दाराच्या लॉकच्या आत असतो आणि दिवा बीसीएम चालवतो, म्हणजे गाडीची सगळी विजेची कामं बघणारा कंट्रोलर. तिथे मीटरकडे बघा. दार उघडल्यावर ‘दार उघडं’ची खूण येते का? येत असेल आणि दिवा नसेल, तर दोष दिव्याकडे. खूणच येत नसेल, तर लॉकमधला स्विच किंवा दार आणि पिलर यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर. ही वायर दार उघडताना-मिटताना हजारो वेळा वाकते. आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण मात्र तसंच राहतं. त्याच दाराची काच किंवा स्पीकर मधूनच बंद पडत असेल, तर आधी ती नळी मागे सरकवून बघा. पिलरचं प्लास्टिक काढायची वेळ आली, तर आत पिवळा कनेक्टर दिसेल. तो एअरबॅगचा. त्याला हात लावायचा नाही.

दिवा ‘ऑन’वरही लागत नाही तेव्हा रेडिओचं घड्याळ आणि सेंट्रल लॉक बघा. बऱ्याच गाड्यांत तिघांचा फ्यूज एकच असतो. बल्ब बदलला आणि रेडिओ गेला, ही तक्रार तुम्ही ऐकाल. त्याचं कारण साधं आहे. होल्डरवर प्लस कायम असतो. लोखंडी पेचकसाने बल्ब उचकटताना पाती छताच्या पत्र्याला लागते आणि फ्यूज उडतो. म्हणून आधी फ्यूज काढा, किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा.

मल्टिमीटरबद्दल एक सांगतो. होल्डरमधून बल्ब काढून मोजलं आणि १२ व्होल्ट दिसले, म्हणून सप्लाय चांगला असं समजू नका. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब जागेवर ठेवून मोजा, किंवा साधा टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प मिणमिणला की जोड खराब.

उजेडापेक्षा मोठी चिंता बॅटरीची. १० वॉटचा बल्ब साधारण पाऊण अँपियरहून थोडा जास्त करंट घेतो. १० तासांत ८ अँपियर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ची, म्हणजे एका रात्रीत जवळपास पाव हिस्सा. निफाडकडच्या थंडीत जुनी बॅटरी सकाळी सेल्फ उचलणार नाही. आणि चोर बहुतेकदा डिकीचा दिवा असतो, कारण झाकण लावल्यावर तो दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा, झाकण लावा, मिनिटभराने बघा.

आता ज्याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय ते. १०चा लाल फ्यूज वारंवार उडतो, म्हणून २०चा पिवळा टाकणं, किंवा त्याला चांदी गुंडाळणं. असं कुणी करत असेल तर त्याला थांबवा. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ही वायर छताच्या कापडामागून तुमच्या डोक्यावरून जाते. दिव्याचा बल्ब काढून नवा १०चाच फ्यूज लावून बघा. तरीही उडाला, तर त्या लाइनवरचं बाकीचं एकेक सोडवत जा. डॅशकॅम किंवा रिव्हर्स कॅमेरा लावताना कुणीतरी सोलून टेपने गुंडाळलेली वायर बऱ्याचदा तिथेच सापडते. ती काढा, आणि त्या कॅमेऱ्याला स्वतंत्र फ्यूज द्या.