पावती कुणाच्या नावाने करू?

(दृश्य: नाट्यगृहाचं प्रवेशद्वार. पांढरी चादर अंथरलेलं टेबल. पावतीपुस्तकात कार्बन सरकवणारे दोन हात.)

हे हात माझे आहेत. या हातांनी सदतीस वर्षं सरकारी कचेरीत हिशेब लिहिले. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत हे गेले. मुलगा परगावी. सकाळचा चहा झाला, केर-वारे झाले, की साडेआठ वाजायचे. साडेआठनंतर काय करायचं, हे मला दोन वर्षं कळलं नाही. कुणी विचारलं तर "मजेत आहे" म्हणायचे.

एक दिवस शेजारची मुलगी दारात आली. "काकू, रविवारी आमच्या संस्थेचा गाण्याचा कार्यक्रम आहे, मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी. पावत्यांना माणूस कमी पडतंय. बसाल का?"

हिशेबाचं काम म्हणून मी हो म्हटलं. मागावंही लागेल, हे तिथे बसल्यावर समजलं.

(दृश्य: लाखेचं सील लावलेली पत्र्याची पेटी. शेजारी क्यूआर कोडची पाटी. माणसं येताहेत, पुढे जाताहेत.)

आमच्या घरात हात पसरण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नव्हती. आई म्हणायची, अर्धी भाकरी खा, पण कुणाच्या दारात उभी राहू नकोस. ते इतकं मुरलेलं, की समोरून माणूस जायचा आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. लोक पेटीकडे बघायचे, मग मोबाइलकडे. पहिल्या तासात तीन पावत्या झाल्या, त्यातली एक माझीच.

मग एक आजोबा थांबले. "वसतिगृहात किती मुली आहेत? कुठून येतात?" मला माहीत नव्हतं. मी उठले, विंगेत जाऊन विचारून आले आणि त्यांना सांगितलं. त्यांनी पाचशेची नोट काढली. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी मुलींबद्दलच सांगत गेले. पैशाचं नंतर, जमलं तर. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर, फार दिवसांनी, मला दुसऱ्या दिवसाचं काम डोळ्यापुढे दिसत होतं. पेटी उघडायची होती.

आणि आठवल्या पार्वतीबाई आठवले, विधवांच्या शिक्षणासाठी गावोगाव पैसे मागत फिरलेल्या.

(दृश्य: पुणे, कर्वेनगर. रहदारीचा रस्ता. मुलींचे घोळके संस्थेच्या फाटकातून आत शिरताना.)

हे पूर्वीचं हिंगणे. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो इथे, गावाबाहेरच्या माळावर आणला. सुरुवात एका झोपडीत झाली. अण्णा इथून चालत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला जायचे आणि उरलेल्या वेळात आश्रमासाठी वर्गणी गोळा करायचे. त्यांनी 1893 मध्ये एका विधवेशी, गोदूबाईंशी लग्न केलं होतं. त्यापायी त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अशा माणसाच्या संस्थेसाठी पैसे मागायला जाणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

त्या गोदूबाईंची धाकटी बहीण म्हणजे पार्वतीबाई.

1870 मध्ये देवरुखला जन्म. माहेरचं नाव कृष्णा. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, केशवपन, पदरात एक लहान मुलगा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिथे बाईचं आयुष्य संपायचं. उरायचं ते स्वयंपाकघर, उपास आणि कुणाच्या तरी घरचा कोपरा. पार्वतीबाई पंचविशी उलटल्यावर पुण्याला बहिणीकडे आल्या आणि ज्या वयात तेव्हाच्या बायकांना सुना यायला लागायच्या, त्याच्या आसपास शिकायला बसल्या. मग आश्रमात काम करू लागल्या.

आश्रमात कामं पुष्कळ होती. त्यांच्या वाट्याला आलं ते सगळ्यात अवघड. गावोगाव जायचं, सभेत उभं राहून बोलायचं, विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे. चार पुरुषांसमोर मान वर करायची नाही, असं लहानपणापासून ऐकलेल्या बाईला सभेत बोलायचं होतं.

मला वाटतं, इथेच काहीतरी उलटंपालटं झालं. विधवा बाई स्वतःसाठी मागते तेव्हा ती दिराच्या, भावाच्या दारातली आश्रित असते. तीच बाई दुसऱ्या मुलींसाठी मागायला उभी राहिली, तेव्हा तिच्यासमोर देणाऱ्याला उत्तर द्यावं लागलं. हात तोच. पण आता त्या हातामागे हिंगण्याच्या माळावरच्या मुली होत्या.

चाळिशी ओलांडल्यावर पार्वतीबाईंनी केशवपन सोडलं, केस वाढवले. अंगवळणी पडलेलं सोवळेपण टाकायला, तेही लोकांपुढे वर्गणी मागत फिरत असताना, केवढी छाती लागली असेल! नाराज झालेला माणूस आश्रमाला चार आणेही देणार नाही, हे त्यांना माहीत होतंच.

(दृश्य: समुद्र. जहाजाच्या जुन्या छायाचित्रावरून कॅमेरा सरकतो.)

1918. पार्वतीबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. इंग्रजी जेमतेम. आणि त्या निघाल्या अमेरिकेला. इंग्रजी शिकायचं, तिथल्या स्त्रियांचं काम बघायचं आणि आश्रमासाठी मदत मिळवायची. तिथे पोट भरण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. देवरुखची ब्राह्मण विधवा, परक्या देशात, परक्यांच्या घरी मोलकरीण. 1920 मध्ये परतल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहिलं आहे. मी ते शाळेत असताना वाचलं होतं, तेव्हा प्रवासाचं पुस्तक म्हणून. परवा पुन्हा वाचलं तेव्हा वेगळंच दिसलं. विशीत सगळं संपलं असं जिला सांगितलं गेलं होतं, तिचे पुढचे सगळे दिवस कामाने भरलेले.

(दृश्य: सोमवार सकाळ. संस्थेची खोली. सील तोडलेली पेटी, टेबलावर नोटांचा ढीग.)

पेटीतले पैसे मोजताना कळतं कोण काय देतं. चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा. एका नोटेला हळदीचा डाग, कुणीतरी देव्हाऱ्यातून उचललेली असावी. पाच रुपयांची नाणी, रुमालात बांधलेली, रुमालासकट टाकलेली. मोठ्या रकमा बहुतेक बँकेतून येतात, कारण दोन हजारांवर रोख दिली तर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही. त्यांची पावती नीट, पॅन नंबरासकट करायची. पण त्या रुमालाची पावती करता येत नाही. तो मी धुऊन ठेवला आहे.

माझ्याबरोबर मोजायला वसतिगृहातली एक मुलगी बसते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावण्यात माझ्यापेक्षा चपळ. पहिल्या वर्षाला असताना तिने विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला याचे पैसे मिळतात?" मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग पुढच्या वेळी मीपण बसते टेबलावर. मला विचारलं तर मी जास्त चांगलं सांगीन."

(दृश्य: पुन्हा नाट्यगृह. यंदाचा कार्यक्रम. टेबलामागे आता दोन खुर्च्या.)

हे माझं चौथं वर्ष. तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटं आहेत. घाईघाईत आलेलं एक जोडपं पेटीशी घुटमळतंय. वसतिगृहातली ती मुलगी उठून उभी राहते, त्यांना नमस्कार करते आणि आपल्या गावाचं नाव सांगून बोलायला लागते. मी कार्बन सरकवते, पेन उघडते.

"पावती कुणाच्या नावाने करू?"