आठ सेकंदं, चौदा मीटर

(दृश्य: संध्याकाळ. कॉलेजच्या मैदानाच्या एका कडेला ढोलपथकाची तालीम, दुसऱ्या कडेला बास्केटबॉलचं कोर्ट.)

नाशिकमध्ये गणपती जवळ आले की मोकळं मैदान मोकळं राहत नाही. ढोल बाहेर निघतात आणि पथकातली पोरं अंधार पडेस्तोवर एकच ठेका घोटत राहतात. या कॉलेजचं मैदान तसं ऐसपैस आहे, पण बास्केटबॉलचं कोर्ट नेमकं पथकाच्या शेजारी. त्यामुळे इथे ‘पास दे, पास दे’ म्हणून कितीही बोंबललं तरी पाच पावलांवरच्या पोरीला ऐकू जात नाही.

मग मुलींनी हाताच्या खुणा ठरवल्या. डोक्यावर मूठ म्हणजे स्क्रीन लाव, आडवी उभी राहून माझ्या मागे लागलेलीची वाट अडव. उघडा तळवा म्हणजे माझ्याकडे टाक. दोन बोटं खाली म्हणजे मागे वळ, तिकडे मोकळी आहे एक जण. हे काही कुणी आखून केलेलं नाही. ढोलांनी करायला लावलं.

हा मुलींचा संघ. संघात बारा जणींना जागा असते, इथे आठ आहेत. शाळेपासून बास्केटबॉल खेळलेल्या त्यातल्या दोघीच. तिघी खो-खोच्या, एक हँडबॉलची, एक उंच आहे म्हणून जिमखान्याच्या सरांनी वर्गातून उचलून आणलेली, आणि आठवी मैत्रिणीसोबत बघायला आली होती, ती राहिलीच. आपली नावं नकोत, जर्सीच्या नंबरांनीच बोला, असं आठही जणींचं म्हणणं पडलं. आम्हालाही ते बरं वाटलं.

(दृश्य: जिमखान्यातलं लोखंडी कपाट. जर्सींचा गठ्ठा.)

नंबर ४ ते १५. कपाटातला हा संच जुना आहे, आणि हे नंबर जुन्या नियमाचे. पूर्वी बास्केटबॉलमध्ये चारच्या खालचा नंबर देत नसत, कारण पंच बोटांनी गुण दाखवतो. एक, दोन, तीन ही बोटं त्या कामाला लागलेली. आता नियम कधीच सैल झालाय, मोठ्या स्पर्धांत शून्य नंबरही दिसतो. पण कॉलेजच्या कपाटाला ते कोण सांगणार?

उपांत्य फेरीत समोरचा संघ शहराच्या दुसऱ्या टोकाचा. त्यांच्याकडे छताखालचं लाकडी कोर्ट आहे, रोज सकाळ-संध्याकाळ सराव आहे, आणि बहुतेक मुली पाचवी-सहावीपासून याच खेळात आहेत. विद्यापीठाच्या नाशिक विभागाची ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. इथून पुढे गेलात तर पुण्या-नगरकडच्या संघांशी गाठ. आमचा संघ उपांत्य फेरीत पोहोचलाय खरा, पण कसा, तेही सांगायला हवं. पहिल्या फेरीत बाय मिळाला, म्हणजे न खेळताच पुढे. दुसऱ्या फेरीत ज्यांच्याशी खेळायचं होतं तो संघ आलाच नाही. म्हणजे एकही बॉल न उडवता या मुली शेवटच्या चारांत आहेत. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये संघ इतके कमी उतरतात की असं होतं, आणि त्यात हसण्यासारखं फार काही नाही.

गेल्या वर्षी या उपांत्य फेरीतल्या संघाशी खेळून निकाल लागला होता ६२-१७.

सरांनी ते स्कोअरशीट ठेवलंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका मुलीच्या भावाने मोबाइलवर केलेलं शूटिंग ठेवलंय. हलतं, अर्धवट, मध्येच पॉपकॉर्नवाल्याचं डोकं आडवं येणारं. आम्ही ते बघायला बसलो तेव्हा आमचा अंदाज होता, उंचीने मार खाल्ला असेल. शूटिंगमध्ये उंची कुठेच दिसत नाही. दिसतं ते असं: यांचा बॉल अर्ध्या मैदानाच्या पलीकडे जातच नाही.

कोर्टाची लांबी २८ मीटर. म्हणजे मधली रेषा १४ मीटरवर. बॉल हातात आला की ८ सेकंदांत ती रेषा ओलांडावी लागते, नाहीतर बॉल समोरच्यांना. ८ सेकंदं काही कमी नाहीत, रमतगमत चाललं तरी १४ मीटर होतात. पण समोर फुल कोर्ट प्रेस असेल तर गोष्ट वेगळी. बास्केट पडल्या पडल्या समोरच्या पाच जणी मागे पळत नाहीत, तिथेच अंगावर येतात. बॉलवालीला कडेच्या रेषेकडे ढकलतात, कोपऱ्यात दोघी मिळून कोंडतात. ती घाबरून उंच पास टाकते. तो पास तिसरी पळवते. पुन्हा बास्केट. पुन्हा तेच. पहिल्या दहा मिनिटांत सामना संपलेला असतो, उरलेली तीस मिनिटं नुसती पळायची.

“हरलो त्याचं काही नाही,” सर म्हणतात, “पण आपण खेळलोच नाही हो. बॉल हातात धरून उभं राहिलो फक्त.”

सर मूळचे व्हॉलीबॉलचे. बास्केटबॉल त्यांनी नियमांचं पुस्तक वाचून शिकवायला घेतलं, हे ते स्वतःच सांगतात. त्याचा एक फायदा झाला. खेळून मोठं झालेल्या माणसाला जे माहीत असतं असं तो धरून चालतो, ते सरांनी ओळ न् ओळ वाचलं. त्यात त्यांना एक गोष्ट सापडली, तिच्यावर पुढे येतोच.

(दृश्य: पाऊस थांबलेला. दोघी मुली खराट्याने कोर्टावरचं पाणी लोटताहेत.)

कोर्ट सिमेंटचं. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. दर रविवारी ब्लीचिंग पावडर टाकून ते घासावं लागतं, नाहीतर पाय सरकतो. डाव्या रिंगखाली खळगा आहे, तिथे पाणी साचतं, म्हणून डावीकडून ले-अप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन बॉल आत सोडायची सवयच कुणाला नाही. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. टेप लावून पाहिली तर उजवी बरोबर, डावी खाली आलेली. मुलं लटकून लटकून तिचं तोंड खाली झालंय. बॉल तीन, त्यातले दोन सात नंबरचे. म्हणजे मुलांचे. मुलींचा बॉल सहा नंबरचा, जरा लहान, जरा हलका. तो एकच असल्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवतात.

आता गंमत बघा. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला, तो बाहेर थंडी होती आणि पोरांना छताखाली कशात तरी गुंतवायचं होतं म्हणून. फळांच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि सुरू झालं. छतासाठी काढलेला खेळ आपल्याकडच्या किती कॉलेजांत ऐन श्रावणात उघड्यावर चालतो!

सामना मात्र होणार त्यांच्या हॉलमध्ये, लाकडावर. सिमेंटवर घासून गुळगुळीत झालेले बूट तिथे घसरणार, बॉल वेगळा उसळणार. तासभर सरावाला हॉल मिळेल का म्हणून विचारणा झाली. नाही मिळाला.

मार्ग काढला चातुर्मासाने. या दिवसांत लग्नाचे मुहूर्त नसतात आणि मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात. सरांच्या ओळखीचं एक कार्यालय होतं. भलामोठा हॉल, खाली चकचकीत लाद्या, वर झुंबर. तिथले व्यवस्थापक काका पहिल्या दिवशी दारातच उभे.

“सर, तुम्ही शब्द टाकला म्हणून. पण झुंबराला बॉल लागला तर भरून घेईन हां.”

“काका, आम्हाला रिंगच नकोय. बॉल वर जाणारच नाही.”

आणि खरंच गेला नाही. तीन आठवडे या मुलींनी त्या हॉलमध्ये एकदाही बास्केट मारली नाही. सनईच्या स्टेजपासून जेवणाच्या हॉलच्या दारापर्यंत, बॉल फक्त न्यायचा. मध्ये खडूने रेघ. काका स्वतः खुर्ची टाकून मोठ्याने मोजायचे, एक, दोन, तीन. आठवर त्यांचा आवाज चढायचा. पुढे पुढे तर मुली रेघेअलीकडे अडकल्या की त्यांनाच राग यायचा.

(दृश्य: लाद्यांवर बुटांचे आवाज. पाच मुली, समोर सात मुलगे.)

प्रेस करायला सरांनी मुलांच्या संघातले सात जण उभे केले. पाचांविरुद्ध सात. मुलं आधी कुरकुरली, मग त्यांना मजा यायला लागली, आणि मग पहिल्यांदा बॉल सहा सेकंदांत पलीकडे गेला तेव्हा पुन्हा कुरकुरली.

इथे दहा नंबरबद्दल बोलायला हवं. ही सुरगाणा तालुक्यातली, कॉलेजच्या हॉस्टेलला राहते. खो-खोत आश्रमशाळेकडून खेळलेली. नाशिक जिल्ह्याच्या या डोंगरी पट्ट्यात पोरींच्या पायात किती दम आहे ते नव्याने सांगायला नको. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य आणलं. दहा नंबरचे पायही त्याच मातीतले. पण बास्केटबॉलमध्ये तिची एक अडचण होती. ती पळत सुटली की सुटली. समोर कुणी आलं तरी वळायची नाही, सरळ जाऊन धडकायची. चार्जिंगचा फाउल.

बाकीच्या हसायच्या. असं धडकण्याचं कारण सरांच्याही उशिरा लक्षात आलं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत किंवा खो देईपर्यंत मागे फिरता येत नाही. फिरलं की फाउल. सात-आठ वर्षं तिने हेच अंगात मुरवलेलं.

“सर, मागं फिरले की पंच शिट्टी मारंल असं वाटतं,” ती म्हणाली.

“अगं, इथे मागे फिरायचे तर पैसे आहेत!”

आता सरांनी पुस्तकात शोधलेली ती गोष्ट. बास्केट झाल्यावर बॉल शेवटच्या रेषेबाहेरून आत टाकतात, त्याला ५ सेकंदं मिळतात. गेल्या वर्षीच्या शूटिंगमध्ये बॉल टाकणारी मुलगी खिळ्याने ठोकल्यासारखी उभी आहे. तिला वाटत होतं, पाय हलवला तर फाउल. एरवी बाहेरून बॉल टाकताना ते बरंचसं खरंही आहे. पण समोरच्यांनी बास्केट केल्यानंतर नियम वेगळा आहे: टाकणारीला त्या रेषेमागे डावी-उजवीकडे हवं तेवढं पळता येतं. रेषेबाहेरच उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे पासही देता येतो. म्हणजे प्रेस करणाऱ्यांनी लावलेला सापळा बॉल आत यायच्या आधीच हलवता येतो.

हे काम दहा नंबरला दिलं. उजवीकडे चार पावलं पळ, समोरची ओढली गेली की गर्रकन फिर, डावीकडे टाक. पहिले दोन दिवस ती फिरताना अडखळायची. ताईने तिला पायाच्या अंगठ्यावर वळायला शिकवलं. ताई म्हणजे याच संघाची जुनी गार्ड, बॉल पुढे नेणारी खेळाडू, आता अंबडच्या एका कंपनीत नोकरीला. पहिली शिफ्ट संपली की टिफिनची पिशवी खांद्याला लावूनच यायची. “टाच टेकवू नकोस गं, टाच टेकली की मेलीस,” एवढंच ती शंभरदा सांगायची. शिकवण्याची याहून चांगली पद्धत असेलही. दहा नंबरला हीच लागू पडली.

नेमबाजीवर फारसं काही झालं नाही, हेही नोंदवायला हवं. तीन पॉइंटची रेषा ६.७५ मीटरवर, तिथून टाकणारी या संघात एकच, सहा नंबर. फ्री थ्रो चारातले दोन पडले तर नशीब. सरांचं गणित असं की आधी बॉल पलीकडे जाऊ दे, चुकवायला तरी मिळेल. आम्हाला हे पटतं. दुबळे संघ बहुतेक वेळा नको त्या गोष्टीचा सराव करतात. टीव्हीवर जे दिसतं त्याचा.

(दृश्य: सामन्याची सकाळ. जिमखान्याबाहेर रिक्षा.)

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात सामना. सकाळी दोन भानगडी. पात्रता अर्जावर एका मुलीचा फोटो चिकटवायचा राहिलेला, आणि आठ नंबरचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने काढून दिला. प्रॅक्टिकलसाठी सर मॅडमना भेटून आले, काय बोलले ते सांगत नाहीत. दोन रिक्षांत आठ मुली, सर आणि बॅगा. ताईने सुट्टी टाकलेली. मागच्या स्कूटरवर मंगल कार्यालयाचे काका.

हॉल भरलेला. त्यांच्या कॉलेजची मुलं गॅलरीत थाळ्या बडवत होती. आमच्या आठ जणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दहा नंबरने डोक्यावर मूठ धरून दाखवली. या गोंगाटाची त्यांना चांगलीच सवय होती.

सुरुवातीला पंच बॉल वर उडवतो, ती उडी त्यांनी जिंकली. पहिली बास्केट त्यांची, दहा सेकंदांच्या आत. लगेच पाच जणी अंगावर. दहा नंबर रेषेमागे उजवीकडे पळाली, समोरची तिच्यासोबत ओढली गेली, ती अंगठ्यावर फिरली आणि डावीकडे चार नंबरला बॉल दिला. मध्यरेषा ओलांडली. सहा नंबरपर्यंत बॉल गेला. तिने टाकला, रिंगला लागून बाहेर. गॅलरी ओरडली. काका मात्र उभं राहून टाळ्या वाजवत होते, त्यांच्यापुरता तो पॉइंट झालेला होता.

पहिल्या दहा मिनिटांत बॉल अलीकडे अडकला तो तीनदा. समोरच्यांच्या सरांनी टाइमआउट घेऊन प्रेस काढली आणि आपल्या मुलींना मागे बोलावलं. गेल्या वर्षी ती शेवटपर्यंत काढली नव्हती.

पहिला क्वार्टर संपला तेव्हा फळ्यावर १६-९. सात गुणांची पिछाडी. उंच तेरा नंबरचे तीन फाउल झालेले, पाचव्याला बाहेर. आता समोरचे प्रेस करणार नाहीत, झोन लावणार, म्हणजे रिंगभोवती आपापली जागा धरून अडवणार, आणि झोनचा सराव या संघाने जवळजवळ केलेलाच नाही. बेंचवर तिघी. त्यातली चौदा नंबर, तीच, मैत्रिणीसोबत बघायला आलेली, बुटाचा तळवा ओल्या फडक्याने पुसत होती.

“तेरा, तू बस जरा,” सर म्हणाले. “चौदा, चल गं. तुझ्या बाजूची ती सात नंबर डावखुरी आहे, उजवीकडे जाऊ दे तिला.”