कमिट झालेला खेळाडू दुसरं कॉलेज बघायला निघाला, मग चाहते इतके का पेटतात?

(स्क्रीनवर: २१ नोव्हेंबर २०२४)

ब्राइस अंडरवूड. मिशिगनमधल्या बेलव्हिल हायस्कूलचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार. २०२५ च्या बॅचमधला देशातला पहिल्या क्रमांकाचा रिक्रूट, म्हणजे कॉलेजांना हवा असलेला शाळकरी खेळाडू. जानेवारी २०२४ मध्ये त्यानं लुइझियाना स्टेटला, म्हणजे एलएसयूला शब्द दिला. दहा महिने एलएसयूचे चाहते त्याला आपलाच धरून चालले होते. २१ नोव्हेंबरला तो घराजवळच्या मिशिगन विद्यापीठाकडे वळला. सह्यांचा दिवस तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांवर होता.

नमस्कार मंडळी. ‘कमिट झालेला मुलगा दुसरीकडे बघतोय’ अशी बातमी आली की अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे चाहते असे का वागतात, आणि त्या बातमीत दम किती हे कसं ओळखायचं, ते आज बघू. कोलंबस, ॲन आर्बर, कॉलेज स्टेशन अशा गावांत एमएस करता करता शनिवारच्या मॅचची गोडी लागलेले बरेच मराठी विद्यार्थी आहेत. मॅच बघून बघून कळायला लागते. रिक्रूटिंग कळत नाही, कारण त्याचे नियम मैदानावर दिसतच नाहीत.

आधी शब्दाचा अर्थ. कमिट होणं म्हणजे तोंडी होकार. कागद नाही, सही नाही, बंधन नाही. आपल्या भाषेत सुपारी फुटली आहे, अक्षता पडायच्या आहेत. अक्षता पडतात डिसेंबरमध्ये, अर्ली साइनिंग पीरियडला. २०२५ मध्ये तो ३ ते ५ डिसेंबर होता. उरलेल्यांसाठी फेब्रुवारी. हा डिसेंबरचा मुहूर्त २०१७ पासूनचा, त्याआधी सगळ्यांचा दिवस एकच, फेब्रुवारीचा पहिला बुधवार. सही व्हायची ती नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर. ते पत्र १९६४ पासून होतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएनं ते बंद केलं. आता शिष्यवृत्तीच्या करारावर सही होते. ती झाली की बाकीच्या कॉलेजांनी त्या मुलाच्या मागे लागायचं नाही. तोपर्यंत मात्र कुणीही बोलू शकतं, आणि बोलतंच. कमिट झालेल्या चांगल्या मुलाचा फोन शांत झाला असं सहसा होत नाही.

होकार आणि सही यांच्यात सहा महिने जातात, कधी दीड वर्ष. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात हा केवढा काळ आहे बघा. तेवढ्यात कोच बदलतो, संघ हरायला लागतो, त्याच जागेवरचा दुसरा मुलगा कमिट होतो, आजी आजारी पडते. आणि आता पैसा आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करता येते, त्याला एनआयएल म्हणतात. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांचे मिळून.

मग चाहत्याला इतकं का लागतं? उत्तर ड्राफ्टमध्ये आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ड्राफ्ट असतो, संघ खेळाडूला उचलतो, तिथे खेळाडूच्या पसंतीला फारसा वाव नसतो. कॉलेजमध्ये ड्राफ्ट नाही. इथे मुलगा आपल्याला निवडतो. देशातली कितीतरी मोठी विद्यापीठं समोर असताना निवड जाहीर करताना त्यानं आपली टोपी डोक्यावर घातली, हे चाहत्याच्या दृष्टीनं आपल्या गावाला, आपल्या चार वर्षांना, आपल्या वडिलांच्या चार वर्षांना मिळालेलं प्रमाणपत्र असतं. तो दुसरीकडे बघायला गेला की ते प्रमाणपत्र परत मागितल्यासारखं होतं. म्हणून राग खेळाडू जाण्याच्या नुकसानापेक्षा मोठा असतो. मला हा राग खोटा वाटत नाही. तो प्रेमातूनच येतो. पण तो चुकीच्या पत्त्यावर जातो.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक कारण आहे. बॅचमधला क्वार्टरबॅक आधी कमिट होतो आणि मग रिसीव्हर, टाइट एंड, लाइनमन यांना तोच मेसेज करत बसतो. तो हलला की त्याच्यामुळे आलेले दोन-तीन जण हलू शकतात. लाइनमधला गार्ड हलला तर गार्ड हलतो, क्वार्टरबॅक हलला तर बॅच हलते.

आता मुख्य भाग. बातमी आली, ‘अमुक या शनिवारी तमुक विद्यापीठात दिसणार.’ पेटण्याआधी काय तपासायचं?

(स्क्रीनवर: ऑफिशियल की अनऑफिशियल?)

ऑफिशियल व्हिजिट म्हणजे खर्च विद्यापीठाचा. प्रवास, हॉटेल, जेवण, साधारण दोन दिवस. पूर्वी एका मुलाला अशा पाचच मिळायच्या. २०२३ पासून एकूण संख्येवर बंधन नाही, एका विद्यापीठाला एक, आणि तिथला मुख्य कोच बदलला तर आणखी एक. म्हणजे ऑफिशियल व्हिजिट आता स्वस्त झाली. पूर्वी पाचातली एक खर्च करायची तर मुलगा विचार करायचा. आज फुकटचा विमानप्रवास, चांगलं जेवण आणि जर्सी घालून फोटो, एवढ्यासाठीही मुलं जातात. जूनमधली ऑफिशियल व्हिजिट तर बऱ्याचदा कमिट होण्याआधीच ठरलेली असते. तिच्यावरून रडू नका.

अनऑफिशियल व्हिजिट उलट आहे. खर्च घरचा. म्हणून ऐकायला किरकोळ वाटणारी अनऑफिशियल व्हिजिट जास्त बोलते. जॉर्जियातला मुलगा स्वतःच्या पैशानं ऑक्टोबरमध्ये ऑरेगनला गेला, तर तिथे काहीतरी आहे. अपवाद दोन. मुलगा गाडीनं तासाभरावर राहत असेल तर तो मित्रांबरोबर नुसती मॅच बघायला गेलेला असू शकतो. आणि सेव्हन-ऑन-सेव्हनचा, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलचा, संघ बस करून चार कॅम्पस फिरतो, तेव्हा त्या चारांत तुमचा शत्रू असणारच.

बरोबर कोण गेलं, हे मी सगळ्यात वर ठेवेन. एकटा किंवा मित्राबरोबर गेलेला मुलगा फिरायला गेलाय. आई, वडील आणि धाकटी बहीण घेऊन गेलेला मुलगा घर बघायला गेलाय. आणि महिन्याभरात त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा गेला, तर समजा की तुमच्या कोचिंग स्टाफला झोप लागत नाहीये.

आता एक खूण, जी चाहते जवळजवळ कधीच बघत नाहीत, आणि तीच सगळ्यात पक्की आहे. मुलाकडे बघू नका, आपल्या कोचकडे बघा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या स्टाफनं अचानक तीन नव्या लेफ्ट टॅकलना (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनना) ऑफर, म्हणजे शिष्यवृत्तीची निमंत्रणं, दिल्या, दुसऱ्या कॉलेजला कमिट असलेल्या लेफ्ट टॅकलच्या शाळेत तुमचा पोझिशन कोच जाऊन आला, तर कमिट असलेल्या तुमच्या लेफ्ट टॅकलचं काय चाललंय हे स्टाफला कळलेलं आहे. कोच तोंडानं काहीच सांगणार नाही, सांगूच शकत नाही. सही न झालेल्या रिक्रूटबद्दल जाहीर बोलायला एनसीएएचा नियम मनाई करतो. त्यामुळे पत्रकार परिषदेत कोच गप्प बसला यावरून काहीही निष्कर्ष काढू नका. पण ऑफर लपत नाही. ज्याला मिळते तो मुलगाच ती सोशल मीडियावर टाकतो.

भाकितांचं काय? टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स या रिक्रूटिंगच्या वेबसाइटवर ‘क्रिस्टल बॉल’ नावाची भाकितं असतात. त्यात पत्रकार विद्यापीठाचं नाव आणि आत्मविश्वासाचा आकडा देतो. एका पत्रकाराचं एक भाकीत म्हणजे हवा. दोन्ही विद्यापीठांवर लिहिणाऱ्या पत्रकारांचा कौल एकाच बाजूला, तोही दोन दिवसांच्या आत वळला, तर ती बातमी आहे. विशेषतः ज्या संघाचं नुकसान होणार, त्याच संघावर रोज लिहिणाऱ्या माणसानं भाकीत बदललं की ते गांभीर्यानं घ्या, कारण त्याला स्वतःच्या वाचकांच्या शिव्या खाव्या लागतात.

बायोमधून विद्यापीठाचं नाव गेलं, कोचला अनफॉलो केलं, रात्री दोनला डोळ्यांची इमोजी टाकली, या सगळ्याला मी फार कमी गुण देईन. सतरा वर्षांची मुलं बायो बदलतातच.

बऱ्याच व्हिजिटचा संबंध पैशांच्या सौद्याशीही असतो. मुलाला जायचं नसतं, त्याच्या बाजूनं बोलणाऱ्याला आकडा वाढवून हवा असतो. दुसऱ्या कॅम्पसवरचा एक फोटो तेवढं काम करतो. अशा वेळी चाहत्यांनी आरडाओरडा केला की फोटोचं वजन वाढतं.

(स्क्रीनवर: ‘ऑफर काढून घ्या!’)

ही मागणी पहिल्या तासातच येते. काही कोच खरंच तसे वागतात. क्लेमसनचे डॅबो स्विनी यासाठी प्रसिद्ध आहेत: कमिट असशील तर दुसरीकडे व्हिजिट नाही, गेलास तर तू कमिट नाहीस. हा नियम आधी सांगितलेला असेल तर मला तो प्रामाणिक वाटतो. पण तो परवडायला बाकावर दुसरा मुलगा तयार लागतो. चार विजय आणि सात पराभव घेऊन बसलेल्या कोचनं हा नियम लावला तर त्याच्याकडे बॅचच उरणार नाही. तो काय करतो? गप्प बसतो, आईला फोन करतो आणि पुढच्या होम गेमला सगळ्या कुटुंबाला बोलावतो. बाहेरून हा कमकुवतपणा दिसतो. आतून बघितलं तर त्याच्या हातात तेवढंच असतं.

‘शब्द म्हणजे शब्द’ म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही बघावी. मोठं विद्यापीठ एका बॅचसाठी दोनशेच्या वर ऑफर वाटतं आणि जागा असतात वीस-पंचवीस. ऑफर जाहीर झाली म्हणजे ती आज स्वीकारता येतेच असं नाही. ‘ही ऑफर आज घेतली तर चालेल का?’ असा प्रश्न मुलाला वेगळा विचारावा लागतो. मग नोव्हेंबरमध्ये जास्त चांगला मुलगा हो म्हणाला, की तीन स्टारवाल्या, म्हणजे मधल्या दर्जाच्या, जुन्या कमिटला फोन जातो, ‘जागा राहील असं वाटत नाही, तूही बाकीचं बघ.’ त्या मुलासाठी कुणी चाहता रस्त्यावर येत नाही. २०२५ पासून फुटबॉलच्या संघाची मर्यादा १०५ खेळाडूंची झाली, म्हणजे मोजकी जागा आणखी मोजकी. आणि कोच? २८ नोव्हेंबर २०२१ ला लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेले. त्यांच्या शब्दावर ओक्लाहोमाला कमिट झालेली मुलं तिथेच उभी होती. त्यातला क्वार्टरबॅक मलाकाय नेल्सन त्यांच्या मागोमाग यूएससीला गेला. त्याला दोष कसा द्यायचा?

आता जे सगळ्यात वाईट होतं त्याबद्दल. मुलाला थेट मेसेज करणं. सुरुवात ‘प्लीज राहा’ पासून होते, तिसऱ्या दिवशी शिव्या, मग आईच्या खात्यावर शिव्या. समोर शाळकरी मुलगा आहे, एवढंच कारण पुरेसं असायला हवं. पण ज्यांना संघाचाच फायदा बघायचा आहे त्यांनी पुढे काय होतं ते बघावं. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट दुपारपर्यंत प्रतिस्पर्धी कोचकडे जातो आणि तो पालकांना दाखवतो, ‘अशा लोकांत मुलगा पाठवणार?’ त्याच बॅचमधले बाकीचे कमिट तो वाचतात. त्याचा हायस्कूल कोच वाचतो, आणि त्या कोचच्या हाताखाली पुढच्या चार वर्षांतले आणखी तीन मुलगे तयार होत असतात.

शिवाय नियम आहे. विद्यापीठाच्या खेळ विभागाला देणगी दिलेला किंवा बूस्टर क्लबचा सभासद असलेला माणूस एनसीएएच्या लेखी बूस्टर ठरतो. एकदा ठरला की कायमचा. बूस्टरनं रिक्रूटला गळ घालायची नाही, सोशल मीडियावरही नाही. विद्यापीठांची कंप्लायन्स ऑफिसं दरवर्षी हे सांगतात. एमएस संपवून नोकरीला लागल्यावर शंभर डॉलरची देणगी दिलेला आपला माणूसही यात येऊ शकतो, हे त्याला माहीतच नसतं. आणि ‘आमच्याकडे ये, माझ्या हॉटेलकडून तुला एनआयएल मिळेल’ असा मेसेज तर विद्यापीठाला थेट अडचणीत टाकतो.

(स्क्रीनवर: क्विन युअर्स)

टेक्ससच्या चाहत्यांना याचा धडा चांगला मिळाला. क्विन युअर्स ऑगस्ट २०२० मध्ये टेक्ससला कमिट झाला, ऑक्टोबरमध्ये मागे फिरला, नोव्हेंबरमध्ये ओहायो स्टेटला गेला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तो ट्रान्सफर होऊन टेक्ससलाच परत आला आणि २०२३ व २०२४ या दोन्ही सीझनमध्ये त्यानं संघाला प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नेलं. ट्रान्सफर पोर्टलच्या (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीच्या) काळात गेलेला मुलगा दोन वर्षांनी पुन्हा बाजारात असतो. तेव्हा त्याला फोन करणाऱ्या कोचला तुमच्या जुन्या पोस्टचं उत्तर द्यावं लागतं.

उलटंही खरं आहे. सही झाली म्हणजे निश्चिंत झालात असं नाही. १० जानेवारी २०२४ ला अलाबामाचे मुख्य कोच निक सेबन निवृत्त झाले. क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिननं अलाबामासाठी सही केली होती, तो कॅम्पसवर राहायलाही आला होता. त्याच महिन्यात तो ओहायो स्टेटला गेला.

शेवटी, सह्यांच्या सकाळी काय बघायचं. विद्यापीठं पहाटेपासून एकेक नाव जाहीर करतात. पक्के मुलगे बहुधा पहिल्या दोन तासांत येतात. ज्याचं नाव दुपारच्या जेवणापर्यंत आलं नाही, त्याच्या शाळेत समारंभ कधी आहे ते आधी तपासा, काही शाळा तो संध्याकाळी ठेवतात. समारंभ दुपारी तीनचा असेल तर थांबा. समारंभ होऊन गेला आणि टेबलावर टोपी होती, पण विद्यापीठानं नाव टाकलं नाही, तर कागद अजून पोचलेला नाही. घरात कुणीतरी सही करायचं थांबलंय. अशा मुलाची खात्री तो कागद येईपर्यंत धरू नका.